केव्ह रिगिंगमध्ये कॅराबिनरच्या जागी कॉर्ड आणि सॉफ्ट शॅकल: कुठे चालतं, कुठे नाही, कसं बांधायचं

गुहेतल्या एका पिचला, म्हणजे दोरावर उतरायच्या उभ्या टप्प्याला, वर हेडवर म्हणजे तोंडाशी दोन बोल्ट, खाली दोन-तीन रिबिले (दोर मधेच पुन्हा अँकरला बांधायच्या जागा), मधे एखादं डेव्हिएशन (दोर बाजूला ओढून धरणारा अँकर), म्हणजे पाच-सहा अँकर झालेच. असे चार पिच एकाखाली एक आले की वीस-बावीस कॅराबिनर (दोर अँकरला जोडणारी, उघडझाप होणारी धातूची कडी) नाहीतर मायलॉन (स्क्रूने बंद होणारी साधी कडी) लागतात, आणि ते सगळं कोणाच्या तरी पाठीवरच जाते. ॲल्युमिनियमचा एक स्क्रूगेट, म्हणजे स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर, साधारण ६० ते ८० ग्रॅमचा, स्टीलचा घेतला तर अजून कितीतरी जास्त. त्याच जागी ६ मिमी कॉर्डचा बांधलेला लूप २० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि ५ मिमी डायनीमाचा (फार मजबूत, हलका कृत्रिम धागा) सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरीचीच उघडझाप होणारी कडी, तर त्याहून हलका. वीस अँकरचा हिशोब केला की सरळ एक किलो वाचतो, म्हणजे एक लिटर पाणी जास्त नेता येते किंवा ड्रिलची एक बॅटरी जास्त. अरुंद जागेत बॅग ओढताना धातू कपारीत अडकतो तो त्रास वाचतो ते वेगळंच.

आपल्या नागपूरवाल्यांसाठी हे अजून महत्त्वाचं काहून, तर आपल्याकडे घराजवळ चुनखडीच्या उभ्या गुहाच नाहीत. पश्चिमेकडे सगळा दख्खनचा बेसाल्ट. छत्तीसगडमधलं कोटमसर चुनखडीचं आहे पण ते कांगेर व्हॅली नॅशनल पार्कात येते, गाइडसोबत पायी बघायची गुहा आहे, तिथं बोल्ट मारणं-दोर लावणं हा विषयच नाही, करूही नका. म्हणजे खरं रिगिंग करायला मेघालयच, जैंतिया हिल्स वगैरे, आणि तिथं जायचं म्हणजे ट्रेनने नाहीतर विमानाने, बॅगेज मोजून. तेव्हा ग्रॅम ग्रॅम दिसायला लागते.

पण सुरुवातीलाच सांगतो, वजन वाचते म्हणून सगळीकडे धातू काढून दोरी लावायची, हा विचार डोक्यातून काढून टाका. कॉर्ड चालेल का नाही हे ठरते दोन प्रश्नांवर. ती कशाला टेकते? आणि तिच्यावरून काही सरकते का? प्रत्येक अँकरला हे दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. उत्तर पटलं नाही तर कॅराबिनर लावा, त्यात काही कमीपणा नाही. आणि ज्याला अजून एसआरटी (एका दोरावरून चढ-उतार करायची पद्धत) नीट जमत नाही, रिबिले पार करताना गोंधळ होतो, त्यानं हे वाचून ठेवा फक्त, आधी धातूवर हात बसू द्या.

कापड, म्हणजे कॉर्ड, कोणतं घ्यायचं

बाजारात साधारण तीन गोष्टी मिळतात. एक साधी नायलॉनची ॲक्सेसरी कॉर्ड, दुसरी डायनीमा कोअर आणि वरून पॉलिएस्टर किंवा नायलॉनची शीथ असलेली कॉर्ड, तिसरी बिनाशीथची पोकळ विणीची डायनीमा, जिचे सॉफ्ट शॅकल बनतात. अरामिड कोअरवाली पण येते, उष्णता चांगली सहन करते पण पुन्हापुन्हा वाकवलं की आतून तुटत जाते आणि बाहेरून कळत नाही, म्हणून मी ती या कामाला घेत नाही.

नायलॉन कॉर्डची ताकद लक्षात ठेवायला सोपी आहे. ईएन ५६४ या मानकात किमान ताकद जाडीच्या वर्गावर ठरते: मिमीमध्ये जाडी, तिचा वर्ग, भागिले ५, आलं किलोन्यूटनमध्ये उत्तर. म्हणजे ५ मिमीला ५, ६ मिमीला ७.२, ७ मिमीला ९.८ आणि ८ मिमीला १२.८ केएन. एक केएन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो वजन धरा. आता लूप केला की दोन पदर होतात म्हणून ताकद दुप्पट होईल असं वाटते, पण गाठीत जवळपास निम्मी जाते, म्हणून माझा सोपा हिशोब असा की एका पदराची ताकद तीच गाठ मारलेल्या लूपची ताकद धरायची, आणि धारदार वळण असेल तर त्याहून कमी. या हिशोबाने ५ मिमी नायलॉनचा लूप ५ केएनचा होतो, जो डेव्हिएशनला भरपूर आहे आणि मेन अँकरला मी कधीच लावणार नाही. तुलनेसाठी पहा, कॅराबिनर लांबीत किमान २० केएन लागतो, क्विक लिंक म्हणजे आपला मायलॉन ईएन १२२७५ मध्ये टाइप क्यू म्हणून येतो आणि त्याला किमान २५ केएन पाहिजे, शिवलेली स्लिंग ईएन ५६६ प्रमाणे २२.

मग प्रत्यक्षात लोड किती येते? ८० किलोचा माणूस नुसता लटकला तर ०.८ केएन, फ्रॉग करत, म्हणजे बेडकासारखे पाय आखडत-ताणत, उड्या मारत वर चढला तर साधारण दुप्पट. म्हणजे रोजच्या कामात आकडे लहानच असतात, आणि म्हणूनच कॉर्ड चालते. पण मार्जिन ठेवतो ते रोजच्या कामासाठी नाही, एखादा बोल्ट निघाला आणि माणूस झटक्याने दुसऱ्यावर आला त्यासाठी.

डायनीमा एवढी मजबूत आहे की ५ मिमीची पोकळ विणीची चांगल्या कंपनीची कॉर्ड एका पदरात २० केएनच्या वर जाते. पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते, ओली झाली तरी ताकद तीच, तर नायलॉन ओलं झालं की थोडं कमजोर होते. गुहेत हे कामाचं आहे कारण तिथं कोरडं असं काही राहतच नाही. पण तिचे तीन अवगुण नीट लक्षात ठेवा. ती ताणत नाही, म्हणजे झटका गिळत नाही, जसाच्या तसा बोल्टवर आणि तुमच्या कमरेवर देते. ती गुळगुळीत आहे, गाठ सरकते. आणि ती १४५ डिग्रीच्या आसपासच वितळते, तर नायलॉन २२० च्या आसपास. ब्रिटनच्या डीएमएम कंपनीने स्लिंगवर ८० किलो वजन टाकून टेस्ट केलेल्या आहेत, त्यात गाठ मारलेली डायनीमा स्लिंग फॅक्टर १ च्या पडण्याला तुटलेली दिसते. फॅक्टर १ म्हणजे कंबर अँकरच्या लेव्हलला असताना स्लिंगच्या लांबीएवढं पडणं, काही मोठी उंची नाही. तेव्हा डायनीमावर कधीच ढील ठेवून अँकरच्या वर चढायचं नाही.

इतवारीत रंगीबेरंगी पॉलिप्रोपिलीनची दोरी किलोवर मिळते, दिसायला सारखीच, त्यावर सामानाची गाडी बांधा पण जीव बांधू नका. ज्या कॉर्डवर जाडी, मानक, बनवल्याचं वर्ष लिहिलेलं नाही ती या कामाची नाही. दुकानदार कितीही म्हणो की भाऊ हीच आहे.

हँगरची कडा

इथं जरा थांबून वाचा कारण सगळं यावर आहे.

बोल्टवर जो पट्टीचा हँगर असतो तो साधारण ३ मिमी जाड प्लेटचा, आणि तो कॅराबिनरसाठी बनवलेला आहे. कॅराबिनर धातू आहे, धातूला कडेचं काही वाटत नाही. त्याच भोकातून कॉर्ड टाकली की ती ३ मिमीवर दुमडली जाते, आणि जर कडा नुसती कापून सोडलेली असली, गोल घासलेली नसली, तर तुम्ही वर-खाली हलताना ती कड कॉर्डवर करवतीसारखी चालते. एकदम तुटणार नाही. पहिल्या माणसाला काही होणार नाही, पाचव्यालाही नाही.

म्हणून प्रत्येक हँगरच्या भोकातून आधी करंगळी फिरवायची. ग्लोव्ह काढून. आतून पूर्ण गोल, वरची बाजू, खालची बाजू, आणि विशेष करून जिथं लोड आल्यावर कॉर्ड बसणार तो खालचा कमानीचा भाग. बोटाला कड लागली की विषय संपला, तिथं मायलॉन. बोट सुन्न पडलं असेल, थंडी असेल, तर एक छोटा कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनचा तुकडा भोकातून घासून ओढा, धागा अडकला तर कड आहे. मी हा तुकडा बोल्टच्या पिशवीतच ठेवतो.

रिंगवाले हँगर आणि गोल सळीचे ग्लू-इन म्हणजे गोंदाने बसवलेले बोल्ट हे कॉर्डसाठी सगळ्यात चांगले, कारण ८-१० मिमीची गोल सळी म्हणजे कॉर्डला आरामाचं वळण. काही कंपन्या जाड गोलाई दिलेले हँगर बनवतात ज्यात थेट दोर टाकायची परवानगी असते, पण ते कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, नुसतं दिसायला गोल आहे म्हणून नाही. जुन्या गुहेत आधीच्या टीमचे गंजलेले हँगर असतील तर तिथं कापडाचा विचारही नको. गंज म्हणजे खरबड, आणि खरबड म्हणजे कड.

अजून एक गोष्ट, हँगर भिंतीला टेकलेला असतो, कॉर्ड भोकातून निघून खाली जाते तेव्हा ती हँगरच्या मागून खडकाला घासते का ते पहा. कॅराबिनर थोडा बाहेर उभा राहतो, कॉर्ड भिंतीला चिकटते. चुनखडीत कधीकधी पाण्यानं कोरलेल्या पात्यासारख्या कडा असतात. घासत असेल तर बोल्टची जागा बदला, नाहीतर धातू.

बांधायचा लूप

डायनीमा कोअरवाली ५.५ किंवा ६ मिमी शीथची कॉर्ड घ्या. एका छोट्या लूपला साधारण ८०-९० सेंमी तुकडा लागतो, कारण तिहेरी फिशरमन गाठ बरीच दोरी खाते. आधी एक तुकडा बांधून पहा, मग बाकीचे कापा. कापताना डायनीमा कोअरची टोकं नुसत्या लायटरने नीट बंद होत नाहीत, शीथ थोडी पुढे ओढून मग वितळवायची म्हणजे कोअर आत राहते.

अँकरवर पोचलात, स्वतः सेफ आहात, तर क्रम असा. आधी दोरात गाठ मारा, एट ऑन अ बाइट किंवा अल्पाइन बटरफ्लाय, आणि गाठीचा लूप नेहमीपेक्षा मोठा ठेवा, हाताचा पंजा सहज जाईल एवढा. काहून ते पुढे सांगतो. मग कॉर्डचं एक टोक हँगरमधून टाका, तेच टोक दोराच्या लूपमधून आणा, आणि दोन टोकं तिहेरी फिशरमनने जोडा. प्रत्येक बाजूने तीन वेढे, वेढे एकमेकांवर चढलेले नकोत, शेजारी शेजारी बसलेले पाहिजेत, आणि दोन्ही अर्ध्या गाठी एकमेकांत घट्ट बसल्या की एका बाजूनं प्रत्येक अर्ध्या गाठीचे तीन तिरपे पट्टे आणि दुसऱ्या बाजूनं फुल्या दिसतात. तसं दिसलं नाही तर उलटी बांधली आहे, सोडा आणि परत बांधा. शेपट्या किमान ६-७ सेंमी. डायनीमा कोअरला दुहेरी फिशरमन पुरत नाही, तिहेरीच, यात सूट नाही.

गाठ कुठे ठेवायची, तर हँगरवरही नाही आणि दोराच्या लूपवरही नाही, दोघांच्या मधे एका बाजूला. मग हाताने जोरात ओढून बसवा, पायाचा फास टाकून त्यावर उभं राहून अजून बसवा, मग शेपट्या परत मोजा. ताण आल्यावर शेपटी कमी झालेली दिसते, तेव्हा पहिल्यांदाच थोडी जास्त ठेवलेली बरी.

लांबी कमीत कमी ठेवा. लांब लूप म्हणजे अँकर खाली आला, दोर भिंतीला घासायची शक्यता वाढली, आणि रिबिलेला पोचताना हात वर पुरत नाही. मेन अँकरला तर मी कॉर्ड हँगर आणि दोरातून दोनदा फिरवून चार पदर करतो मग बांधतो. कॉर्ड जास्त लागते, वजन पाच-दहा ग्रॅमने वाढते, पण झोप चांगली लागते.

हँगरवर लार्क्स फूट म्हणजे गर्थ हिच मारून लूप अडकवायचा मोह होतो कारण पटकन होते. नका करू. गर्थमध्ये कॉर्ड स्वतःलाच चावते आणि तीही पट्टीच्या कडेवर, ताकद खूप कमी होते. आरपार टाकून दोन्ही पदर खाली, हीच पद्धत.

सॉफ्ट शॅकल

हा खरंतर जास्त सोयीचा, कारण गुहेत, चिखलात, बोटं थंड पडलेली असताना, गाठ बांधायची-सोडायची नाही, नुसतं डोळ्यातून गाठोडं काढायचं. बनतो कसा तर पोकळ विणीची डायनीमा मधोमध दुमडायची, एका पायाला दुसऱ्या पायाच्या पोकळीतून आरपार ओवायचं म्हणजे दुमडलेल्या टोकाला एक सरकता डोळा तयार होतो, आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही शेपट्यांची डायमंड नॉट मारायची. हँगर आणि दोराच्या लूपमधून शॅकल टाकायचा, डोळा मोठा करून त्यातून डायमंड नॉट काढायची, मग बाहेरचा पदर सारून डोळा गाठीच्या मानेवर आवळायचा. झालं.

डायमंड नॉट घट्ट बसवणं हाच सगळा खेळ आहे, हाताने ओढून ती बसत नाही. झाडाला अडकवून पूर्ण वजनाने, पुन्हा पुन्हा, गाठ दगडासारखी कडक होईस्तोवर ओढावी लागते, आणि तेवढ्यातही शेपट्या थोड्या आत सरकतात. म्हणून शेपट्या लांब सोडा. शॅकल तुटतो तेव्हा बहुतेक गाठीपाशीच तुटतो, म्हणून गाठ जितकी नीट तितका शॅकल चांगला.

माझं मत विचाराल तर स्वतः बनवलेला शॅकल आधी बॅग ओढायला आणि डेव्हिएशनला वापरा. जीव टांगायचा असेल तर कंपनीचा, ताकद छापलेला घ्या, किंवा तुमच्या बॅचचे नग तोडून पाहिलेले असले पाहिजेत. नागपुरात इंजिनिअरिंग कॉलेजच्या मटेरियल लॅबमध्ये यूटीएम मशीन (ओढून तोडून ताकद मोजणारं) असते, विद्यार्थी ओळखीचा असला, सर भले असले तर विचारून पहा. एकाच रोलमधून बनवलेले तीन नवे आणि एक-दोन वापरलेले तोडा, सरासरी काढू नका, सगळ्यात कमी जो आकडा आला तोच तुमचा आकडा. मशीनच्या पिना जाड असतात, तिथं शॅकलला आरामाचं वळण मिळते, म्हणून जमलं तर तुमचा हँगरच मशीनवर लावून तोडा, मग खरं काय ते कळते.

शॅकलचा एक धोका असा की लोड नसताना डोळा ढिला पडतो. रिबिलेला हे हमखास होते, माणूस खालच्या सेक्शनवर गेला की वरचा लूप मोकळा लटकतो, दोर हलत राहतो, आणि डोळा मानेवरून हळूहळू उघडतो. म्हणून प्रत्येकाने रिबिले पार करताना डोळा आवळलेला आहे का ते पाहायचं आणि हाताने परत सारायचं, ही शिस्त सगळ्या टीमला पाहिजे, फक्त रिगरला नाही. मानेवर बारीक इलॅस्टिकचा किंवा रबराचा वेढा दिला की बरंच टिकते. जिथं दोर पाण्याच्या धारेत फडफडतो तिथं मी शॅकल लावत नाही, बांधलेला लूपच.

रिगिंग करताना काय बदलते

कॅराबिनर गेला की काउज टेल (हार्नेसची, स्वतःला अँकरला अडकवायची छोटी दोरी) कुठे क्लिप करायची, हा पहिला प्रश्न येतो. कॉर्डमध्ये क्लिप करू नका, धातू कॉर्डवर फिरत राहील आणि जागाही नसते. दोराच्या गाठीच्या लूपमध्ये क्लिप करायची. म्हणूनच वर म्हटलं की लूप मोठा ठेवा. लूप लहान राहिला की खालचा माणूस वर येऊन अडकतो, काउज टेल आत जात नाही, तो लटकून शिव्या देते.

वाय-हँगमध्ये, म्हणजे एका गाठीतून लोड दोन बोल्टवर वाटतो तिथं, दोन बोल्टमधला कोन पहा. ६० डिग्रीला प्रत्येक बाजूवर लोडच्या ५८ टक्के येतात, ९० ला ७१, १२० ला पूर्ण १००, आणि १५० ला जवळपास १९३ टक्के, म्हणजे दुप्पट. धातूला हे चालून जाते, कॉर्डला मी ९० च्या वर नेत नाही. कोन मोठा होत असेल तर दोराचे कान म्हणजे गाठीचे लूप लांब करा, कॉर्ड लांब करू नका.

रिबिलेची ढील नेहमीप्रमाणेच, डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) काढता येईल एवढी आणि बस. ढील जास्त आणि कनेक्टर गेला तर माणूस तेवढा पडते आणि तो झटका वरच्या अँकरवर जाते. वरचा दोर नायलॉनचा असतो, तो ताणून थोडा झटका घेते, पण वर एक-दोन मीटरच दोर असेल तर घ्यायला दोरच नाही. म्हणून पिचच्या हेडवर दोन स्वतंत्र बोल्ट, दोन स्वतंत्र कनेक्टर, आणि त्यातला एक तरी धातूचा. हा माझा नियम आहे, काही जण दोन्ही कापडाचे ठेवतात, पण मी पूर्ण टीम ज्या जागेवर टांगणार तिथं एक मायलॉन ठेवतोच. ६० ग्रॅमसाठी वाद नको.

डेव्हिएशन ही कॉर्डची सगळ्यात योग्य जागा आहे, एक अपवाद सोडून. लोड कमी असते, कोन लहान असते, आणि तिथं लांब कॉर्ड लागतेच. पण दोर डेव्हिएशनमधून सरकतो! माणूस उतरताना-चढताना दोर तिथं थोडा थोडा घासतो. म्हणून डेव्हिएशनची कॉर्ड भिंतीकडे, आणि दोराच्या बाजूला एक हलका कॅराबिनर. कापडावर कापड सरकू द्यायचं नाही.

हाच नियम पुढे नेला की कुठे अजिबात कापड लावायचं नाही ते आपोआप कळते. पुल-थ्रू उतरताना दोर कॉर्डमधून ओढून काढायचा असेल तर नाही, एकाच जागी घासून काही सेकंदात वितळते. कोणाला खाली सोडायचं असेल, हॉल सिस्टीम (वजन वर ओढायची रचना) लावायची असेल, पुलीच्या जागी, रेस्क्यूमध्ये दोन माणसांचं लोड असेल, तर नाही. महिनोन्महिने लावून ठेवायचं रिगिंग असेल तर नाही, पुराच्या पाण्यात वाळू असते आणि कॉर्डमध्ये शिरली की आतून कापते. सह्याद्रीत पावसाळ्यात वॉटरफॉल रॅपलिंगचे कार्यक्रम होतात, शंभर-शंभर लोक एकाच अँकरवरून उतरतात, तिथंही धातूच पाहिजे.

नैसर्गिक अँकर म्हणजे खडकातला आरपार होल, अडकलेला मोठा दगड, यांना तर आधीपासूनच स्लिंग लावतात. रुंद टेप घ्या, दोन्ही टोकं खाली आणून बास्केट करा, कडेला जुन्या फायर होजचा किंवा कॅनव्हासचा तुकडा द्या. हजारो वर्षात तयार झालेल्या स्टॅलॅग्माइटला स्लिंग लावू नका. तुटला तर माणूसही जाईल आणि तो खांबही परत येणार नाही.

उन्हाळा, धुणं आणि फेकणं

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते हे वेगळं सांगायला नको. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. डायनीमा बनवणारे साधारण ७० डिग्रीच्या वर जास्त वेळ ठेवू नका म्हणतात, तेव्हा गिअर गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवायची सवय मोडा, आणि गच्चीवर वाळत घालून विसरून जाऊ नका. घरात सावलीत, पंख्याखाली वाळवा, सुती पिशवीत कपाटात ठेवा. कूलरच्या खोलीत नको, दमट असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर मुळीच नको, ॲसिडच्या वाफेनं नायलॉन खराब होते आणि बघून कळत नाही.

धुताना कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, ब्लीच नको. सॉफ्ट शॅकलच्या पोकळ विणीत चिखल शिरतो, तो विण मोकळी करून, चोळून काढावा लागते, वेळ द्या त्याला. एका गुहेचा चिखल दुसऱ्या गुहेत जाऊ नये यासाठी पण हे गरजेचं आहे.

प्रत्येक लूपच्या शेपटीवर वर्ष आणि नंबर लिहा, लोड येणाऱ्या भागावर मार्कर चालवू नका. वापरानंतर लूप बोटात धरून इंचाइंचाने फिरवा. शीथ फाटून आतली पांढरी कोअर दिसली, कुठे चपटी किंवा मऊ जागा लागली, कुठे चकचकीत कडक डाग आला म्हणजे वितळली, हँगरच्या जागी केसाळ झाली, तर तिथंच कापून दोन तुकडे करा म्हणजे कोणी चुकून परत वापरणार नाही. एकदा मोठा झटका बसला की दिसायला नवी असली तरी बाद. आणि काही दिसलं नाही तरी रेग्युलर वापराची बारीक कॉर्ड मी दोन-तीन वर्षांच्या पुढे नेत नाही, स्वस्त आहे, मीटरवर मिळते. कॅराबिनर वर्षानुवर्षे चालते, कॉर्ड चालत नाही. पैशाचा हिशोब करताना हे पण धरा.

सराव

पहिला सराव जमिनीपासून दोन फुटावर. मजबूत कडुनिंबाच्या फांदीला टेप लावा, त्याला एक रिंग हँगर मायलॉनने अडकवा, त्यावर कॉर्ड लूप आणि दोर, आणि फ्रॉग करत जागच्या जागी वर-खाली व्हा. मग उतरून कॉर्डवर कुठे काय झालं ते पहा. त्यानंतर ग्लोव्ह घालून, मग डोळे बंद करून, मग हात थंड पाण्यात बुडवून हेच करा, कारण गुहेत तसंच असते. तिहेरी फिशरमन एका मिनिटाच्या आत नीट बसत नसेल तर हेडवर ती वापरायची वेळ आलेली नाही.

काढताना पण वेळ लागते हे प्लॅनिंगमध्ये धरा. ताण बसून चिखल भरलेली तिहेरी फिशरमन बोटांनी सुटत नाही, म्हणून एक छोटा गोल टोकाचा सळा, मार्लिन स्पाइक सारखा, हार्नेसला अडकवून ठेवा. शेवटचा माणूस जो डीरिग करत, म्हणजे रिगिंग काढत, वर येते तो सगळ्यात थकलेला असते, त्याच्याकडे जास्तीत जास्त शॅकल आणि कमीत कमी गाठी येतील असं रिगरने आधीच पाहायचं. शेवटचा पिच, म्हणजे बाहेर पडायच्या आधीचा, पूर्ण धातूवर ठेवला तरी चालते. ते वजन गुहेच्या तोंडापाशीच राहते, आत कोणाला वाहावं लागत नाही.